शर्मांच्या भिंतीवरचं ऊन

बरखेड्याला आत्याच्या क्वार्टरमध्ये दुपारी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा नियम होता. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, भोपाळच्या कारखान्यात होते, आणि बरखेडा ही त्या कारखान्याचीच टाउनशिप. रात्रपाळी असली की ते सकाळी येत, पोहे खात, आणि संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत आतल्या खोलीत खिडकीला जाड चादर लावून झोपत. त्या वेळात भांडं पडलं तरी आत्या डोळे मोठे करून माझ्याकडे बघायची. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून ती दुपारी डाळ पातेल्यातच शिजवायची. मला या नियमाचं काही वाटत नसे, कारण मी मुळातच कमी बोलणारी. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची नदीपलीकडे, आणि मुलीनं नदी ओलांडून शाळेत जायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. आत्याचे सांधे दुखायला लागले तेव्हा वडिलांनी मला तिच्या हाताखाली म्हणून भोपाळला आणून सोडलं. "हिला देवानं तोंड दिलंय ते फक्त जेवायला," असं आत्या शेजारणींना सांगायची. त्यात टोमणा नव्हता. शांत मुलगी त्या घराला सोयीचीच होती.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे अंगण. अंगणात पेरूचं झाड, कपडे वाळत घालायच्या तारा, आणि काकांच्या स्कूटरसाठी केलेली पत्र्याची शेड. पलीकडे शर्मांची भिंत. थंडीत त्या अंगणात दुपारभर बायका बसत. आमच्याकडच्या बायकांना विणकाम कुठं ठाऊक, पण भोपाळच्या थंडीनं आणि शर्माआंटींनी आत्याला सुया धरायला शिकवलं होतं. जुने स्वेटर उसवून त्यांची लोकर परत वापरायची असे. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळ्यावळ्यांची होते, म्हणून ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून, धुऊन, खाली लोटीचं वजन बांधून वाळवायची, म्हणजे सरळ होते. हे काम माझं. शर्माआंटी लोकरीला ऊन म्हणत, हिंदीत तेच म्हणतात, आणि माझ्याही तोंडात तेच बसलं होतं. आत्याला ते खपत नसे. "लोकर म्हण, लोकर. ऊन ते वर आहे, आभाळात. इथं राहून भाषेचं भरीत करू नका." मग मीच मनात म्हणायची, ऊन उन्हात घातलं. मला त्याची गंमत वाटायची, पण कुणाला सांगितली नाही.

आत्याचा मुलगा श्रीकांत, माझा श्रीदादा, कॉलेजात होता. त्याचा मित्र नदीम. त्याचे वडील काकांच्याच खात्यात फोरमन होते आणि मामाचा करोंदला धान्याचा गाळा होता. तिसरा जॉर्ज, शाळेच्या मागच्या ओळीत राहणारा, हसरा, सदा भुकेला. नदीमकडे लाकडी गिटार होती आणि श्रीदादानं नंतर कुणाची तरी वापरलेली घेतली. जॉर्जकडे ढोल-ताशातलं काही नव्हतं. तो आमचा पिठाचा रिकामा डबा उलटा करून त्याला टॉवेल गुंडाळायचा आणि बोटांनी वाजवायचा. ही मंडळी दुपारी स्कूटरच्या शेडमध्ये बसून गाणी करत. सिनेमातली नाही, स्वतःची. गावाकडे मी भजनं ऐकली होती, लग्नातली गाणी ऐकली होती, रेडिओ ऐकला होता. पण आपल्या गल्लीतली माणसं बसून नवं गाणं करतात, जे काल नव्हतं आणि आज आहे, हे मला माहीतच नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी लसूण सोलत मी ते ऐकायची. एकेका लसणाला फार वेळ लागायचा.

काय गाणी होती ती! एक होतं सायकलींचं, भोंगा झाल्यावर गेटातून सुटणाऱ्या सगळ्या सायकलींच्या घंट्यांचं. एक पाण्याच्या टाकीचं, जिच्या पायऱ्यांवर चढायला मनाई होती आणि जिच्यावर सगळी पोरं चढलेली होती. एक अशा माणसाचं, जो रात्रपाळीहून झोपेत येतो, सगळे क्वार्टर सारखेच असल्यामुळे दुसऱ्याच्याच घरात शिरतो, जेवतो, आणि भाजी जास्त चांगली लागली म्हणून त्याला चूक कळते. नदीमची गिटार म्हणजे नळाचे थेंब एकामागून एक पितळी घागरीत पडावेत तशी. जाड सूर नाही, रेटा नाही. पुढं मी बरंच संगीत ऐकलं, नातीच्या फोनवर आता जगभराचं ऐकते, पण सुरांमध्ये एवढी मोकळी जागा ठेवणारं फार कमी ऐकलं. लोकांना वाटत असेल की ती मुलं फार विचारानं असं हळुवार वाजवत होती. खरी गोष्ट अशी की आत काका झोपलेले असत. जरा जोर लागला की चादरीआडून "हळू!" असा आवाज यायचा आणि तिघांचे हात एकदम मऊ व्हायचे. गिटार सुरात लावायला त्यांच्याकडे दुसरं वाद्य नव्हतं, म्हणून नदीम भोंग्याच्या मधल्या लांब सुराला तार मिळवून घ्यायचा. सगळं बरखेडा त्यावर घड्याळ लावायचं, हा तार लावायचा.

एका थंडीत मला खोकला झाला होता. दुपारी मी तारेवरचे कपडे काढत होते. श्रीदादा यायचा होता, आणि नदीम एकटाच शेडच्या दाराशी गिटारच्या तारा पिळत बसला होता. आतून, काकांना जाग येऊ नये अशा दबक्या पण कळणाऱ्या आवाजात आत्यानं विचारलं, "कुसुम, ऊन आहे का गं अजून?" तिला पापड वाळत घालायचे होते. मी म्हटलं, "गेलं, आत्या. शर्मांच्या भिंतीवर गेलं." आत्या म्हणाली, "मग तू तरी जरा भिंतीशी उभी राहा. थोडं ऊन अंगावर घे, खोकला जाईल." मी भिंतीशी जाऊन उभी राहिले, आणि नदीम आहे हे आठवून पाच मिनिटांत आत पळाले. तेवढंच झालं.

आठवड्याभरानं शेडमधून नवं गाणं ऐकू आलं आणि माझ्या हातातली सुरी थांबली.

ऊन चली गई शर्मा जी की दीवार पे,
थोड़ी-सी रह गई मेरे कंधे पे।

माझं वाक्य होतं ते. मी बोललेलं, पापडांच्या कारणानं बोललेलं. मला घाम फुटला, आणि मग इतका आनंद झाला की मी उगाचच कणिक पुन्हा मळली. मला वाटलं, केवढा हुशार माणूस! लोकरही ऊन, ऊनही ऊन, दोन्ही एकाच शब्दात विणलं. खांद्यावर राहिलेलं थोडंसं, ते हिवाळ्यातल्या उन्हाचं म्हणा की अंगावरच्या लोकरीचं म्हणा, दोन्हीकडून ऊब तीच. माझी मनातली गंमत मी कुणाला सांगितली नव्हती, आणि हा माणूस ती गात होता.

मग या गाण्यांची मोठी रेकॉर्ड काढायची असं त्यांच्या डोक्यात आलं. मुंबईत एक कंपनी टेप पाठवली की थोड्या रेकॉर्डी काढून देत असे. टाउनशिपच्या क्लबातल्या नाटक मंडळींचा स्पूलचा टेपरेकॉर्डर श्रीदादानं मागून आणला. सुटकेसएवढा, वर दोन मोठी चाकं. मंडळींच्या तालमी सुरू होणार होत्या, म्हणून रविवारी तो परत द्यायचा होता. शेडच्या पत्र्याला आमच्या गोधड्या आणि गाद्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. एकेक गाणं टेपवर चढलं. रविवारच्या दुपारी फक्त उन्हाचं राहिलं होतं, आणि ते सर्वांत चांगलं म्हणून शेवटी ठेवलं होतं.

नेमकं तेव्हाच श्रीदादानं रेकॉर्डच्या कव्हरसाठी काढलेलं चित्र दाखवलं. एक भिंत, भिंतीवर गोल, गोलाभोवती रेघा. नदीमनं ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि आपल्या भोपाळी थाटात विचारलं,

"को खां, गोला तो सही बनाया। पर ये चारों तरफ से धागे काय को निकल रिये हैं?"

"धागे? किरणें हैं, मियां. सूरज आहे तो."

"सूरज? अपने गाने में सूरज कां से आ गया?"

श्रीदादानं आधी चित्राकडे पाहिलं, मग नदीमकडे. मग त्याला कळलं, आणि मग तो असा हसत सुटला की गोधडीत तोंड खुपसावं लागलं. नदीमला मराठीतलं ऊन माहीतच नव्हतं. त्या दुपारी त्यानं ऐकलं ते असं, की आत्यानं विणायची लोकर मागितली, आणि लोकरीचा गुंडा घरंगळत शर्मांच्या भिंतीकडे गेला. आणि श्रीदादा इतके दिवस समजत होता की नदीमनं आपला मराठी शब्द मुद्दाम घेतलाय. 'चली गई' म्हणतो कारण हिंदीत धूप बाईमाणूस आहे. दोघं एकच गाणं गात होते, आणि एक लोकरीचं गात होता, एक उन्हाचं. जॉर्ज म्हणाला, "मला वाटत होतं 'ऊन' म्हणजे शर्माजींची मांजर." त्यावर तर श्रीदादा खालीच बसला.

पण नदीम हसला नाही. त्याच्या घरी बोलण्याला फार मान होता. त्याचे अब्बा साधं पाणी मागतानासुद्धा शब्द निवडून मागत. "अब्बा पूछेंगे, बरखुरदार, समझे बिना ही गा दिया? क्या मुंह दिखाऊंगा?" तो म्हणाला. श्रीदादाला थांबता येईना. "ऊनवाले भाई, स्वेटर कितने का?" झालं. नदीमनं गिटार पिशवीत घातली. "ये गाना कैंसल। या फिर धूप बोलूंगा, सीधा-सीधा।" जॉर्जनं समजूत काढली म्हणून त्यानं गिटार परत बाहेर काढली आणि धूप घालून म्हणून पाहिलं. धूप चली गई शर्मा जी की दीवार पे. बसत होतं. मात्रेला मात्रा बसत होती. आणि गाणं मेलेलं होतं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मला एवढंच कळलं की धूप म्हणताना शेवटी ओठ मिटतात, डब्याला झाकण लावल्यासारखे. ऊन म्हणताना न मागं राहतो आणि तारेच्या आवाजात मिसळून जातो. आणि लोकर निघून गेली होती, पार निघून गेली होती. टेपरेकॉर्डर संध्याकाळी जाणार होता. धूपचं गाणं चढलं असतं, किंवा काहीच चढलं नसतं, आणि माझ्या आयुष्यात माझ्या तोंडून निघालेली एकच सुंदर गोष्ट जगातून गेली असती.

मी ट्रे घेऊन शेडमध्ये गेले. एरवी मी ट्रे दाराशी ठेवून परत फिरायची. त्या दिवशी ठेवला आणि फिरले नाही. श्रीदादानं विचारलं, "काय गं? साखर राहिली?"

मी नदीमकडे न बघता, पिठाच्या डब्याकडे बघून म्हटलं, "ऊन रहने दो."

"क्या बोलीं?" नदीम म्हणाला. त्यानं माझा आवाज समोरून असा पहिल्यांदाच ऐकला असेल.

"ऊन रहने दो. धूप तो सबके यहाँ है. ऊन हमारे अंगण का है."

"आंगन," श्रीदादा हळूच म्हणाला.

"अंगण का," मी म्हटलं. का कोण जाणे, त्या वेळी तो शब्दही मला बदलायचा नव्हता. "उसमें दोनों है. गरम दोनों है."

जॉर्जनं बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तुटून आत पडलं. नदीमनं श्रीदादाच्या हातातलं चित्र घेतलं आणि पुन्हा पाहिलं. गोल आणि रेघा. सूर्य म्हणा, गुंडा म्हणा. "धागे रहने दे," तो श्रीदादाला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पर एक शर्त है, बहन। पहले तुम बोलोगी। जैसे उस दिन बोला था। फिर मैं शुरू करूंगा।"

त्यांनी माइक बाहेर कपड्यांच्या तारेपाशी आणून ठेवला. चाकं फिरायला लागली. श्रीदादानं बोट वर करून खूण केली. आणि माझी जीभ टाळूला चिकटली. माझ्या अंगात जेवढं धैर्य होतं ते चहाबरोबरच संपलं होतं. चाकं फिरत होती, पेरूच्या झाडावर पोपट ओरडत होता, नदीमची बोटं तारांवर ठेवलेली. श्रीदादा हातवारे करत होता, बोल, बोल. मी मान हलवली. त्यानं कपाळावर हात मारला आणि मशीन बंद करायला वाकला.

तेवढ्यात आतून आत्या म्हणाली, "कुसुम, ऊन आहे का गं अजून?"

तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या वड्या वाळायच्या होत्या. आणि आत्यानं विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच माझ्या तोंडाला ठाऊक होतं. मी वर पाहिलं. "गेलं, आत्या. शर्मांच्या भिंतीवर गेलं." चादरीआडून काका म्हणाले, "हळू!" आणि नेमकं त्याच क्षणी नदीमनं तार छेडली.

ते सगळं तसंच टेपवर आहे. दुसऱ्यांदा घ्यायची कुणाचीच इच्छा झाली नाही. टेप हबीबगंज स्टेशनवरून पार्सलनं गेली, आणि उन्हाळा-पावसाळा उलटल्यावर खोकी आली. कव्हरवर तेच चित्र, वर मोठ्या अक्षरात 'ऊन'. आमच्याकडे वाजवायला काही नव्हतं. क्लबात जाऊन सगळ्यांनी ऐकली. आत्या पहिल्यांदाच तिथं आली होती. स्वतःचा आवाज ऐकून म्हणाली, "अगं बाई, मी अशी खेकसते?" काका म्हणाले, "माझं काम फार थोडं आहे, पण चोख आहे." नदीमचे अब्बा शेवटच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. गाणं संपल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "ये ऊन कौन-सी है, मियां?" नदीम म्हणाला, "अब्बा, आंगन की।" त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा लावायला सांगितली.

बाजारात मात्र ती कुणी घेतली नाही. दुकानदार म्हणत, सिनेमा कोणता? खोकी आत्याच्या पलंगाखाली परत आली. मुलं खाली मान घालून हिंडत. संक्रांत आली. टाउनशिपमधल्या झाडून सगळ्या मराठी बायका हळदीकुंकवाला येणार, आणि वाण काय लुटायचं यावर दरवर्षी चर्चा. कुणी वाट्या देतं, कुणी गाळणी. त्या वर्षी आत्यानं पलंगाखालचं खोकं ओढलं. "यंदा हेच."

"अहो, आमच्याकडे वाजवायला यंत्र नाही," देशपांडेकाकू म्हणाल्या.

"वाण वाजवायचं नसतं. ठेवायचं असतं," आत्या म्हणाली आणि तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला. देताना वाणाला हळदकुंकू लावायचं, ते काम माझ्याकडे. कव्हरच्या भिंतीवरच्या त्या गोलाच्या बरोबर मधे मी हळदीचं बोट टेकवत गेले. संध्याकाळपर्यंत बरखेड्यात घरोघरी ते गाणं पोचलं. कुणी ते लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं असेल, कुणी खरंच वाजवलं असेल. देशपांडेकाकूंनी तर सांडग्यांवर झाकण म्हणून गच्चीत ठेवलं, आणि ते उन्हानं पापडासारखं वाकलं. आत्या म्हणाली, नावाला जागलं.

नदीमनं पुढं कारखान्यात नोकरी केली, वडिलांसारखीच. श्रीदादा बदलीनं गेला. दुसरी रेकॉर्ड निघाली नाही, आणि मला त्याची हळहळ वाटत नाही. एकच, पण सगळी खरी. आता माझी नात मुक्ता सांगते की हल्लीची मुलं ती रेकॉर्ड शोधत फिरतात. कुणा एकाचा श्रीदादाला फोन आला होता. त्याला पिवळ्या ठिपक्याचीच हवी होती, तो ठिपका छापलेला आहे अशी त्याची समजूत. श्रीदादानं समजूत मोडली नाही. मुक्तानं फोनवरही ती गाणी शोधून दिली. कुणीतरी छान साफ करून घातली आहेत. पण साफ करताना सुरुवातीचं बोलणं त्यांना खरखर वाटलं असावं. 'ऊन' एकदम गिटारीनंच सुरू होतं. पोपट नाही, आत्या नाही, काका नाहीत. मुक्ताला म्हटलं, हे गाणं अर्धं आहे. अर्धं अंगण उचलून नेलंय.

म्हणून मी रेकॉर्ड लावते. मुक्तानं तिच्या पगारातून मला छोटं प्लेअर आणून दिलंय. रेकॉर्ड उन्हात ठेवायची नसते, म्हणून कपाटातून काढताना मी आधी पडदा अर्धा ओढते. फ्लॅटच्या बाल्कनीत थंडीत दुपारी थोडा वेळच ऊन येतं, खुर्चीच्या पाठीपर्यंत. सुई ठेवली की आधी नुसती फिरण्याची खसखस, मग पोपट, मग ती शांतता, जिच्यात मला बोलता येत नव्हतं. मग आत्या. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आवाजात वड्यांची घाई तशीच आहे.

"कुसुम, ऊन आहे का गं अजून?"

रेकॉर्डवरची मुलगी उत्तर देण्याआधी हल्ली मीच देते. मोठ्यानं देते, झोपेतून उठेल असं आता घरात कुणी नाही.

"आहे, आत्या. खांद्यावर थोडं आहे."